उमरेडची चव आणि घरपोच सेवेचा व्यवसाय

उमरेडच्या खानावळीतील वडाभाताची चित्रफीत मोबाइलवरून क्षणार्धात मुंबईपर्यंत पोहोचते; वडाभात मात्र सुमारे ५० किलोमीटरवरील नागपूरलाही निवूनच पोहोचेल. व्यवसायाची संधी या अंतरातच आहे. ताजे जेवण उमरेडमध्येच घरपोच द्यावे. भौगोलिक मानांकन लाभलेल्या शेजारच्या भिवापुरी मिरचीचे तिखट, पापड, कुरडया टपालाने दूर पाठवाव्यात. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ अन्वये नोंदणी मात्र आवश्यक आहे. मोबदला घेऊन केलेली स्तुती तशी जाहीर करावी, असे केंद्र शासनाची जानेवारी २०२३ ची मार्गदर्शिका सांगते. शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी ही माहिती बचत गटांपर्यंत न्यावी. चित्रफितीमुळे ग्राहक एकदा येईल. तो पुन्हा येणे चवीवर आणि स्वच्छतेवरच अवलंबून राहील.