अटी मान्य, पण मी शिकणार

मी चाकणजवळच्या गावांमधल्या बचत गटांची समन्वयक. आज हिशोबाच्या वहीबद्दल नाही, थोडं वेगळं बोलणार आहे.

फेब्रुवारी आला की मुलं शाळेतून सांगत येतात, "२८ तारखेला विज्ञान दिन आहे, पुठ्ठा आण, रंग आण." आपण आणून देतो. पण हा दिवस कशाचा, हे आपल्याला कुणी सांगत नाही.

२८ फेब्रुवारी १९२८ ला कोलकात्यात सी. व्ही. रामन आणि त्यांचे सहकारी के. एस. कृष्णन यांच्या प्रयोगात एक गोष्ट पक्की झाली. एका रंगाचा प्रकाश एखाद्या द्रवातून गेला, की त्यातला अगदी थोडा भाग रंग बदलून बाहेर येतो. त्यावरून तो पदार्थ कशाचा बनलाय हे ओळखता येतं. आज औषधं तपासायलासुद्धा ही पद्धत वापरतात. या शोधासाठी रामन यांना १९३० साली नोबेल मिळालं. एवढं मुलांच्या पुस्तकात असतं. पुढची गोष्ट सहसा नसते.

१९३३ साली रामन बंगळूरच्या टाटांच्या विज्ञान संस्थेचे संचालक झाले. त्याच वर्षी कमला भागवत ही मराठी मुलगी रसायन आणि भौतिकशास्त्र घेऊन मुंबई विद्यापीठात पहिली आली. लेखिका दुर्गा भागवत यांची ही धाकटी बहीण. वडील आणि काका बंगळूरच्या त्याच संस्थेत शिकलेले. कमलाबाईंनी तिथं अर्ज केला, आणि नकार आला. गुण कमी होते म्हणून नाही. मुलगी आहे म्हणून.

कमलाबाई घरी बसल्या नाहीत. त्यांनी बंगळूर गाठलं आणि गांधीजींच्या वाटेनं सत्याग्रह धरला. शेवटी रामन यांनी प्रवेश दिला, पण अटींवर. पहिलं वर्ष प्रवेश कच्चा. मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री उशिरापर्यंत काम करायचं. आणि तिसरी अट, तिच्यामुळे मुलांचं लक्ष विचलित होता कामा नये. बघा, लक्ष ढळणार मुलांचं, आणि अट मुलीला!

त्यांनी सगळं मान्य केलं आणि वर्षभर काम करून दाखवलं. रामन यांनी प्रवेश पक्का केला, आणि पुढं तिथं मुलींना घ्यायला सुरुवात झाली. कमलाबाईंनी १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. लग्नानंतर त्या कमला सोहोनी झाल्या. डाळी आणि नीरा यांतल्या पोषणावर त्यांनी काम केलं. गरोदर बायका आणि कुपोषित मुलं, म्हणजे आपल्याच घरातला प्रश्न. पण तो अपमान त्या विसरल्या नाहीत. रामन शास्त्रज्ञ म्हणून मोठे, मनानं मात्र या बाबतीत कोते, असं त्यांनी पुढं उघड सांगितलं.

आता त्या उघडलेल्या दारातून कोण आलं ते ऐका. १९४० साली केरळच्या अण्णा मणी रामन यांच्या प्रयोगशाळेत आल्या. हिऱ्यांवर प्रकाश टाकून त्यांनी पाच वर्षं अभ्यास केला. विद्यापीठानं पीएच.डी. नाकारली, कारण एम.एस्सी.चा कागद नव्हता. १९४८ मध्ये त्या पुण्याच्या हवामान खात्यात लागल्या. शिवाजीनगरला शिमला ऑफिस आहे ना, तेच. पाऊस, वारा, हवेचा दाब मोजायची उपकरणं तेव्हा बहुतेक परदेशातून यायची. अण्णा मणींनी जवळजवळ १०० उपकरणांचे आराखडे ठरवून दिले आणि ती इथं बनू लागली. देशात कुठं किती ऊन पडतं हे मोजायची केंद्रं त्यांनी उभी केली. आज छपरावर सोलर बसवताना अशीच माहिती लागते. आपण पेरणीआधी रेडिओवर पावसाचा अंदाज ऐकतो, त्यामागं अशी मोजणी असते.

हे सगळं आज का सांगतेय? मी बी.ए. आहे. दहावीत मला विज्ञानात चांगले गुण होते. घरचे म्हणाले, प्रॅक्टिकल संपेपर्यंत शेवटची एसटी जाते, तुला आणायला कोण येणार? मी आर्ट्सला गेले. त्याचं रडगाणं गात नाही. पण कमलाबाईंची रात्रीच्या कामाची अट वाचली आणि ती एसटी आठवली.

आमच्या एका गटात मागच्या महिन्यात एका ताईनं विचारलं, मुलीच्या अकरावी सायन्ससाठी कर्ज मिळेल का? सगळ्या गप्प झाल्या. मग एक जण म्हणाली, "आर्ट्सला नाव घालून ठेव. अठराची झाली की कंपनीची बस दारात येते, लाईनवर लागेल." कंपनीतलं काम हलकं नाही, त्या पगारावर आपली किती घरं चालतात. पण ज्या मुलीला शिकायचंय तिला तरी विचारूया. त्याच बैठकीत लग्नासाठीच्या कर्जावर पाच मिनिटांत सह्या झाल्या होत्या. हा अर्ज मात्र पुढच्या बैठकीवर गेला.

त्या बैठकीत मी तीन गोष्टी मांडणार आहे. शिक्षणाचं कर्ज लग्नाच्या कर्जाआधी घ्यावं. गावातल्या सायन्सच्या मुलींची नावं एकत्र लिहावी, कारण तिघी असल्या तर संध्याकाळची एक रिक्षा परवडते. आणि ज्या दिवशी रिक्षा नाही, त्या दिवशी आणायला कोण जाईल, याची पाळी आपण लावावी.

कमलाबाई एकट्या दारात बसल्या होत्या. आपल्या लेकींबरोबर आपण सगळ्या आहोत. तुमच्या गटातही विचारा, यंदा दहावीला कोण कोण आहे?