मोठ्या भाऊंची माफी

धंदा बरा चालला की आपल्याला लगेच दुसरा सुचतो. त्याआधी जळगावची ही गोष्ट ऐका.

वाकोदचे भवरलाल जैन, सगळ्यांचे मोठे भाऊ. १९६३ मध्ये सात हजार रुपयांवर रॉकेलचा धंदा सुरू केला. मग बियाणं, खतं; १९७८ मध्ये पपईच्या चिकापासून पपेन, १९८० मध्ये पीव्हीसी पाइप, पुढे ठिबक. माल बदलत गेला, पण समोर शेतकरीच होता. त्याची नड त्यांना ठाऊक होती.

नव्वदच्या दशकात जैन इरिगेशन फायनान्स, आयटी, ग्रॅनाइटमध्ये शिरली. तिथे ही ओळख कामाची नव्हती. मोठा तोटा झाला. भाऊंनी काय केलं? भागधारकांची जाहीर माफी मागितली, ते धंदे सोडले आणि पुन्हा शेती-पाण्याकडे वळले.

२०१९ मध्ये कंपनी पुन्हा कर्जाच्या कचाट्यात सापडली, तेव्हा भाऊ नव्हते. म्हणजे सावधपणा एकदा शिकून संपत नाही.

तर नवा धंदा घेताना स्वतःला विचारा: यातलं गिऱ्हाईक मी ओळखतो का? आणि चुकलं, तर ‘माझं चुकलं’ म्हणायची तयारी आहे का?

विचार करा. भेटू पुढच्या भागात.