पारा : नाव, गुण आणि सावधगिरी

पारा हा धातू होय, असे सांगितले असता मुलांस नवल वाटते. धातू म्हणजे ठोकला असता वाजणारा कठीण पदार्थ, अशी त्यांची समजूत असते. परंतु पाऱ्यास धातूची चकाकी आहे, त्यातून वीज वाहते आणि उणे ३९ अंश सेल्सिअसच्या सुमारास तो गोठून घनही होतो. पाणी गोठते त्या तापमानासही द्रव राहणारा दुसरा शुद्ध धातू नाही.

हे वैशिष्ट्य त्याच्या नावांतही उतरले आहे. त्याची एचजी ही संज्ञा ‘पाण्यासारखी चांदी’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आली. संस्कृतात त्यास पारद व रस म्हणतात. रसशास्त्र हे नाव त्यावरूनच पडले. हिंगूळ भाजून तो मिळवीत.

पारा पाण्याच्या साडेतेरा पटींहून जड आहे. लोखंडाचा तुकडा त्यावर तरंगतो. म्हणून १६४३ साली टॉरिचेलीने हवेचा दाब सुमारे ७६० मिलिमीटर उंचीच्या पाऱ्याने मोजला. पाणी घेतले असते तर दहा मीटरांहून उंच नळी लागली असती. तापवला असता पारा बऱ्याच समप्रमाणात प्रसरण पावतो व काचेस चिकटत नाही. या गुणांमुळे तो तापमापकात आला आणि ‘पारा चढला’ हा प्रयोग बोलीत रुळला.

मात्र पारा उघडा राहिल्यास त्याची वाफ होत राहते. ती दिसत नाही, तिला वास येत नाही. श्वासावाटे शरीरात गेल्यास ती मज्जासंस्थेस अपाय करते. जपानमधील मिनामाता येथे कारखान्याच्या सांडपाण्यातील पाऱ्याचे विषारी संयुग मासळीत साठले. ती खाणाऱ्या कुटुंबांत १९५६ साली भयंकर रोग उघडकीस आला. मातेच्या उदरातील बालकेही त्यातून सुटली नाहीत. त्याच गावाच्या नावाचा आंतरराष्ट्रीय करार २०१३ साली झाला व भारताने त्यास २०१८ साली मान्यता दिली.

यास्तव तळहातावर पारा खेळवून दाखविण्याची जुनी रीत शिक्षकांनी सोडावी. तापमापक फुटल्यास मुलांस बाहेर पाठवावे व खिडक्या उघडाव्यात. केरसुणी वापरू नये. तिने थेंब अधिक बारीक होऊन पसरतात. अंगठी काढून ठेवावी, कारण पारा सोन्यात शिरतो. जाड कागदाने थेंब एकत्र करून थोडे पाणी घातलेल्या काचेच्या बाटलीत भरावेत व घट्ट झाकण लावावे. मोरीत किंवा उकिरड्यावर पारा कदापि टाकू नये.