रान राखणाऱ्याला मोल मिळाले पाहिजे
(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



कापूस आणि ज्वारीच्या भावासाठी जमलेल्या माणसांपुढे जंगलाचा विषय काढला की पहिला सवाल ठरलेला असतो. रात्रभर जागल करून रानडुकरे हाकायची आम्ही, आणि जंगल वाचवा हा उपदेशही आम्हीच ऐकायचा? सवाल रास्त आहे. त्याला बगल द्यायची नाही. आजचे सारे बोलणे या सवालातूनच निघते.

आधी जंगल कशाला म्हणायचे ते ठरवू. आपल्या कोरडवाहू मुलखाचे रान कोकणासारखे दाट कधीच नव्हते. साग, सालई, धावडा, मोईन, तेंदू, मोह, पळस, चारोळी, बिबा आणि मधे मधे गवताचे पट्टे, असे हे रान. चैत्रात पाने झडून ते उघडे पडते. परका माणूस पाहतो आणि म्हणतो, ही तर पडीक जमीन. मग तिथे सुबाभूळ किंवा निलगिरी लावतात, फलक लागतो, फोटो निघतो, आणि कागदावर जंगल वाढते. पण त्या लागवडीत मोहफूल नाही, चारोळी नाही, तेंदूपत्ता नाही आणि जुन्या खोडाची ढोलीही नाही.

ढोली नसली तर काय बिघडले? रानपिंगळ्याची गोष्ट ऐका. सागाच्या विरळ रानात राहणारे हे छोटे घुबड दिवसाढवळ्या शिकार करते. सरडे, उंदीर, किडे हे त्याचे खाणे. १८८४ नंतर त्याची खात्रीची नोंदच नव्हती. जाणकारांनी तो संपला असे धरले होते. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या रानात पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो पुन्हा दिसला. ११३ वर्षे गेली होती. पुढे तो आपल्या मेळघाटातही सापडला. तो अंडी घालतो जुन्या झाडाच्या ढोलीत. आज लावलेल्या रोपाला ढोली पडायला माणसाचा जन्म सरतो. म्हणून उभे रान राखणे आणि नवी रोपे लावणे हे एक काम नव्हे.

दुसरी गोष्ट आपल्या धुऱ्यावरची. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेला एक तरुण वाघ जून २०१९ मध्ये जागा शोधत निघाला. गळ्यात पट्टा होता म्हणून त्याची वाट कळली. तेलंगणात शिरून तो परत आला आणि सुमारे १,३०० किलोमीटर चालून डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. या वाटेवर सलग जंगल कुठे होते? होती ती आपली कपाशीची शेते, नाल्याकाठची झाडी, गायरानातले चार-दोन एकरांचे तुकडे. सरकारच्या नकाशात ज्या तुकड्यांना मोल नाही, त्यांच्याच आधाराने वाघ मराठवाडा-विदर्भाची वेस ओलांडून गेला.

ही झाडी शेतालाही लागते. कोतवाल, साळुंकी, बगळे झाडावर बसतात आणि खाली अळ्या टिपतात. कृषी विद्यापीठे शेतात पक्षीथांबे लावायला सांगतात ते यासाठीच. गुलाबी बोंडअळी बोंडात दडते, तिथे पाखराची चोच पोचत नाही हे खरे. पण उघड्यावरच्या अळीला पाखरू पुरते, आणि जितकी फवारणी टळेल तितके बरे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर गेले, हे आपण विसरलेलो नाही.

आता दुसरी बाजू. रोही हरभऱ्याचा शेंडा ठेवत नाही. डुक्कर एका रात्रीत ज्वारी लोळवते. २०१६ ते २०१८ या काळात पांढरकवडा-राळेगाव भागात शेतात आणि गुरांमागे गेलेली माणसे वाघाने मारली. १३ मृत्यूंचा ठपका टी-१ वाघिणीवर होता. २ नोव्हेंबर २०१८ रोजी ती मारली गेली, तेव्हा शहरांत तिच्यासाठी मोर्चे निघाले. वाघिणीसाठी हळहळणे हा गुन्हा नाही. पण त्या १३ घरांचे दुःख शहराला वाघिणीइतके दिसले का, हे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे. वाघ साऱ्या देशाचा म्हणतात, आणि त्याच्या राखणीचा खर्च मात्र जंगलाशेजारच्या गावांवर पडतो. असा हिशेब चालू राहिला तर ना शेत टिकेल, ना रान.

रान उतरणीला लागले ते का? इंग्रजांनी १८७८ च्या कायद्याने जंगले सरकारजमा करण्याची वाट पक्की केली. १९२७ चा वन कायदा आजही चालू आहे. राखणारा गाव त्यात गुन्हेगार ठरला. जे आपले नाही ते राखण्याची उमेद कोणाला राहील? १९६४ च्या राज्याच्या वृक्षतोड कायद्याने तर स्वतःच्या शेतातला साग, मोह, अंजन, जांभूळ तोडायलाही परवानगी लावली. परिणाम उलटा झाला. धुऱ्यावर आपोआप उगवलेले सागाचे रोप वेळीच उपटून टाकणे हे शहाणपण ठरले, कारण मोठे झाले की त्याची कटकट मागे लागते. त्यातच खरीप ज्वारी घटली, सोयाबीन आले. ज्वारीबरोबर कडबा गेला, आणि वैरण नसलेली जनावरे रानात शिरली. शेतीचे गणित बिघडले की त्याचा ओरखडा जंगलावर उठतो.

वाट नाही असे मात्र नाही. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाने आधी स्वतःचे नियम केले. फळझाड तोडायचे नाही, मधासाठी माश्या जाळायच्या नाहीत, सर्वांच्या संमतीशिवाय निर्णय नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. तरी बांबू बाहेर न्यायचा परवाना अडला. गाव हटले नाही. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री आणि मुख्यमंत्री गावात आले आणि वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडले. बांबूचा पैसा गावात आला आणि बांबू राखण्यात गावाचा फायदा दिसला. धुळे जिल्ह्यातल्या बारीपाड्यानेही असेच उजाड रान राखून पुन्हा उभे केले. त्या कामासाठी चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

तेव्हा या मेळाव्यापुढे आम्ही चार गोष्टी ठेवतो.

१. ज्या गावाच्या हद्दीत वनजमीन आहे आणि पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट आहे, तिथल्या ग्रामसभेने सामूहिक वनहक्काचा दावा करावा. हा कायदा आदिवासींसाठी आहेच, शिवाय तीन पिढ्यांचा पुरावा असलेल्या इतर पारंपरिक वननिवासींसाठीही आहे.

२. रानजनावरांनी केलेल्या नुकसानीची भरपाई बाजारभावाने आणि वेळेत मिळावी. पंचनाम्याला आठवडा लागला तर दाखवायला शेतात उरते काय?

३. शेतकऱ्याने आपल्या शेतात वाढवलेले झाड त्याचे पीक मानावे. २०१७ मध्ये केंद्राने वनाबाहेरचा बांबू ‘झाड’ या व्याख्येतून काढला. जे बांबूला जमले ते सागाला का जमू नये?

४. ही शेवटची आपल्यासाठी. कुंपणात वीज सोडायची नाही. त्यात डुकराबरोबर शेजारचा माणूसही जातो आणि वाघही जातो. मोहफुले वेचायला, तेंदूचा फुटवा यायला रानाला आग लावायची नाही. नाल्याकाठची जुनी झाडे पाडायची नाहीत. येडी बाभूळ आणि घाणेरी मात्र खुशाल काढा, डुकरे तिथेच दडतात.

पहिल्या तीन गोष्टी सरकारकडे मागायच्या आहेत, आणि त्या मिळेपर्यंत मागत राहायचे आहे. चौथीला कोणाचा परवाना लागत नाही. ती या हंगामापासून सुरू करू. येत्या ग्रामसभेत हा विषय पहिल्या क्रमांकावर घ्या, आपल्या शिवारात कुठे किती झाडी उरली आहे ते शिवार फिरून लिहून काढा, आणि तो कागद पुढच्या मेळाव्याला घेऊन या.