जुना लॅपटॉप सुरू होत नाही तेव्हा

(संस्थेच्या विद्यार्थी मार्गदर्शन शिबिरात केलेले भाषण)



माझ्या आधीच्या वक्त्यांनी स्पर्धा परीक्षा व शिष्यवृत्ती या विषयांवर आपणांस मोलाचे मार्गदर्शन केले. माझ्या वाट्याला आलेला विषय त्या मानाने रूक्ष आहे. संथ झालेला आणि एके दिवशी सुरूच न होणारा जुना लॅपटॉप, याविषयी मी बोलणार आहे. मी संगणक अभियंता नाही. कला शाखेचा पदवीधर असून बँकेत लिपिक म्हणून नोकरी करतो. परंतु गेली दहा-एक वर्षे आपल्या वस्तीतील असे लॅपटॉप माझ्या घरी येत राहिले आहेत. ते उघडता-जोडता जे हाती लागले, तेवढेच आपणांसमोर ठेवतो.

आपल्याकडचा लॅपटॉप बहुधा एकाच ठशाचा असतो. २०१४ ते २०१७ या काळात कुणीतरी हप्त्यांवर घेतलेला, मग थोरल्याकडून धाकट्याकडे आलेला. पंधरा इंची पडदा, ४ जीबी रॅम, ५०० जीबी किंवा १ टीबीची फिरती हार्ड डिस्क आणि विंडोज १०. घरात तो एकच असतो. त्यातच धाकट्याचा शिष्यवृत्तीचा अर्ज, थोरलीचा प्रकल्प, लग्नाचे फोटो व वडिलांच्या पेन्शनचे कागद. तो बंद पडला की दुकानात नेला जातो आणि तेथे दोनपैकी एक वाक्य ऐकू येते : "मदरबोर्ड गेला" किंवा "फॉरमॅट मारावा लागेल." सर्वच दुकानदार असे नसतात, कसबी व सचोटीचे कारागीर मी पाहिले आहेत. पण पहिल्या वाक्याने लॅपटॉप भंगारात जातो आणि दुसऱ्याने आतले सारे पुसले जाते. म्हणून तो कुणाच्या हाती देण्यापूर्वी नेमका कोठे अडतो आहे, हे आपणांस सांगता आले पाहिजे.

बँकेत संध्याकाळी हिशेब जुळला नाही, तर आम्ही सारी व्हाउचरे लगेच पहिल्यापासून तपासत बसत नाही. आधी फरक किती ते पाहतो. फरकाला नऊने पूर्ण भाग गेला, तर कुणीतरी आकडे उलटे लिहिले असावेत. ७२ चे २७ झाले की ४५ चा फरक पडतो. म्हणजे फरकच चुकीची जागा सुचवतो. लॅपटॉपचेही तसेच आहे.

बटण दाबल्यावर दिवाही लागत नसेल, तर दोष बहुधा विजेच्या वाटेवर असतो. प्रथम भिंतीतला दुसरा सॉकेट वापरून पाहावा. आपल्या घरांतील एक्स्टेंशन बोर्ड किती ढिले असतात हे मी सांगायला नको. मग अॅडॉप्टर. त्याच्या लेबलवर व्होल्ट व अँपिअर छापलेले असतात. या काळातील बहुतेक लॅपटॉपना १९ किंवा १९.५ व्होल्ट लागतात. शेजाऱ्याचा अॅडॉप्टर लावून पाहायचा असेल तर व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा अधिक चालतील, आणि पिन नीट बसली पाहिजे. अॅडॉप्टर ठीक असेल तर तो काढावा, बॅटरी निघणारी असल्यास तीही काढावी आणि सुरू करण्याचे बटण अर्धा मिनिट दाबून धरावे. आत साठून राहिलेला विद्युतभार त्याने निघून जातो. नंतर केवळ अॅडॉप्टर लावून सुरू करावे. 'मेलेले' म्हणून आलेले कितीतरी लॅपटॉप एवढ्यावर उठून बसलेले मी पाहिले आहेत.

दिवा लागतो, पंखा फिरतो, पण पडदा काळा, हा दुसरा प्रकार. अशा वेळी अंधारात पडद्यावर तिरका टॉर्च धरावा. पुसट चित्र दिसले, तर लॅपटॉप चालू आहे, फक्त पडद्यामागचा प्रकाश गेला आहे. टीव्हीला एचडीएमआय वायरने जोडूनही हे कळते. तेथेही काही दिसत नसेल, तर रॅमची पट्टी काढून, तिच्या सोनेरी दातांवरून साधा खोडरबर हलक्या हाताने फिरवून, कण झटकून पुन्हा बसवावी. त्याआधी अॅडॉप्टर व बॅटरीची जोडणी काढणे आणि खिडकीच्या लोखंडी गजाला हात लावून अंगातील स्थिर वीज घालवणे विसरू नये. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून पाहावी.

येथे एक छोटी गोष्ट सांगतो. एका विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर अर्जाचे संकेतस्थळ उघडेना, 'जोडणी सुरक्षित नाही' असे येई. दोन दिवस तो संकेतस्थळाला दोष देत बसला. पाहिले तर लॅपटॉपची तारीख कित्येक वर्षे मागे गेलेली. मदरबोर्डवर ३ व्होल्टचा बटणासारखा एक सेल असतो, लॅपटॉप बंद असताना घड्याळ चालू ठेवण्याचे काम त्याचे. तो संपला की तारीख मागे जाते व संकेतस्थळाचे प्रमाणपत्र लॅपटॉपला वैध वाटत नाही. तारीख दुरुस्त करताच अर्ज भरला गेला. सेल मागाहून बदलला.

आता मुख्य विषयाकडे येतो. कंपनीचे बोधचिन्ह उमटते, खाली ठिपके गरगर फिरतात आणि पुढे काही होत नाही. या वयाच्या लॅपटॉपमध्ये अशा वेळी मला पहिला संशय येतो तो हार्ड डिस्कचा. तो लॅपटॉप आधी काही महिने संथ झालेला होता का, हे मी नेहमी विचारतो. बहुतेकदा उत्तर 'हो' असते. संथ होणे आणि सुरू न होणे ही आपण दोन दुखणी समजतो, पण पुष्कळदा ते एकच दुखणे असते.

त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. लॅपटॉपमधील फिरती डिस्क सहसा मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. हवी ती माहिती वाचणाऱ्या टोकाखाली येण्यासाठी सरासरी अर्ध्या फेऱ्याची वाट पाहावी लागते, शिवाय ते टोक योग्य वर्तुळावर सरकायला वेळ लागतो तो वेगळा. त्यामुळे विखुरलेल्या जागांवरची माहिती सेकंदाला शंभर वेळाही तिला वाचता येत नाही. विंडोज सुरू होताना मात्र हजारो लहान फायली लागतात. हा झाला निरोगी डिस्कचा संथपणा. डिस्क जीर्ण झाली की काही जागा नीट वाचल्या जात नाहीत. ती पुन्हा पुन्हा प्रयत्न करते आणि तेवढा वेळ सारा लॅपटॉप ताटकळत राहतो. ज्या दिवशी नेमकी विंडोजच्या एखाद्या आवश्यक फाइलची जागा खराब होते, त्या दिवशी तो सुरू होत नाही. सूचना दोन-तीन महिने आधीच मिळालेली असते.

आपल्या परिसरातील एका विद्यार्थिनीचे उदाहरण देतो. समाजकार्याच्या शेवटच्या वर्षाचा तिचा प्रबंध होता, घरकाम करणाऱ्या स्त्रियांविषयीचा. चौतीस मुलाखती तिने ध्वनिमुद्रित केल्या होत्या व त्या फोनमधून काढून लॅपटॉपवर ठेवल्या होत्या. फोनमध्ये जागा नव्हती. लॅपटॉप सुरू व्हायला दहा मिनिटे घेई, मग एका संध्याकाळी ठिपक्यांवरच थांबला. दुकानात तिच्या आईला सांगण्यात आले, "ताई, विंडोज उडालंय. फॉरमॅट मारतो, उद्या घेऊन जा." आई पैसे द्यायला निघाली होती. मुलगी म्हणाली, "आधी काकांना दाखवू."

दुसऱ्या संगणकावर पेन ड्राइव्हमध्ये लिनक्स मिंट तयार केले व लॅपटॉप त्या पेन ड्राइव्हवरून सुरू केला. असे केल्याने आतले विंडोज सुरू न करताही डिस्क उघडून पाहता येते. प्रथम मुलाखती, मग प्रबंधाचे लेखन, फोटो सर्वांत शेवटी, असा क्रम ठेवून बाहेरच्या डिस्कवर प्रती काढल्या. रात्रभर काम चालले. चौतीसपैकी एकतीस मुलाखती आल्या. तीन आल्या नाहीत. त्या तीन बायांकडे ती पुन्हा गेली. दोघी भेटल्या, एक काम सोडून गावी निघून गेली होती. प्रबंध वेळेत सादर झाला, एका मुलाखतीने कमी.

तेव्हा माझे आग्रहाचे सांगणे असे की, आधी प्रत काढावी, मग दुरुस्ती करावी. डिस्क आजारी असताना 'चेकडिस्क'सारखी दुरुस्ती चालवू नये, त्या ताणाने उरलेलेही जाण्याची भीती असते. आतून टक्-टक् असा आवाज येत असेल तर तत्क्षणी बंद करावे. त्यातील माहिती फारच मोलाची असेल तर माहिती परत मिळवून देणाऱ्या तज्ज्ञाकडेच न्यावे, व ते काम महाग असते हे धरून चालावे. काही लॅपटॉपमध्ये बिटलॉकरचे कुलूप असते. तेथे ४८ अंकी चावीशिवाय फायली उघडत नाहीत. ती चावी बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ठेवलेली असते, म्हणून त्या खात्याचा पासवर्ड हरवू देऊ नये.

ज्यांचा लॅपटॉप अजून सुरू होतो पण रखडतो, त्यांनी कंट्रोल, शिफ्ट व एस्केप ही तीन बटणे एकदम दाबावीत. टास्क मॅनेजर उघडेल. काही काम नसतानाही डिस्कपुढे सतत १०० टक्के दिसत असेल, तर गाठ तेथेच आहे. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचे विनामूल्य साधन डिस्कची प्रकृती सांगते. त्यात 'कॉशन' किंवा 'बॅड' दिसले तर त्याच दिवशी प्रती काढाव्यात. वेग वाढवून देतो म्हणणारी 'क्लीनर' सॉफ्टवेअरे मात्र टाकू नयेत, ती बहुधा स्वतःच ओझे होतात. आणि एक गंमत : विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर 'शट डाऊन' केल्याने सारे पूर्ण बंद होत नाही, काही भाग जसाच्या तसा जपून ठेवला जातो. नवी सुरुवात हवी असेल तर 'रीस्टार्ट' करावे.

उपाय कोणता? फिरत्या डिस्कच्या जागी अडीच इंची साटा एसएसडी. वरील वर्षांच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये ती त्याच खाचेत, त्याच जोडणीवर बसते. तिच्यात फिरणारे काही नसल्याने विखुरलेली माहिती ती सेकंदाला हजारो वेळा वाचते. त्याबरोबर रॅम ४ वरून ८ जीबी केल्यास अभ्यासाचे व अर्जांचे काम सुखाने होते. रॅम घेताना जुनी पट्टी सोबत न्यावी, कारण डीडीआर-३ व डीडीआर-४ यांच्या खाचा वेगळ्या असतात व एकीच्या जागी दुसरी बसत नाही. दोनपैकी एकच परवडत असेल तर मी एसएसडी आधी घ्या म्हणेन.

विंडोज १० चा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपवला. विंडोज ११ अधिकृतपणे चालण्यास टीपीएम २.० व साधारणतः २०१७ च्या उत्तरार्धानंतरचा प्रोसेसर लागतो, त्यात आपले हे लॅपटॉप बसत नाहीत. त्यांवर लिनक्स मिंट उत्तम चालते, मराठी टंकलेखनही होते. काही सॉफ्टवेअरे मात्र केवळ विंडोजवरच चालतात, तेवढे आधी तपासून घ्यावे.

उष्णतेविषयी थोडक्यात. वर्षानुवर्षे गादीवर ठेवून वापरलेल्या लॅपटॉपच्या पंख्यात धूळ साचते आणि तापला की प्रोसेसर स्वतःच आपला वेग कमी करतो. जाळी साफ करताना पंख्याची पाती धरून ठेवावीत.

मात्र एका बाबतीत धाडस करू नये. टचपॅड वर आले असेल, तळ फुगला असेल, तर बॅटरी फुगली आहे. ती टोचू नये, दाबू नये, चार्ज करू नये. जाणत्या माणसाकडून काढून घ्यावी व ई-कचरा स्वीकारणाऱ्या केंद्रात द्यावी, घंटागाडीत टाकू नये.

आणि मदरबोर्ड खरोखरच गेलेला असतो, असेही घडते. पाणी सांडलेले असते, आत हिरवट गंज चढलेला असतो. तेव्हा खर्च करू नये. पण डिस्क आधी काढून घ्यावी. यूएसबी केसिंगमध्ये बसवली की ती दुसऱ्या संगणकावर उघडते.

आज ज्यांनी आपले लॅपटॉप सोबत आणले आहेत त्यांनी चहापानानंतर ते मागच्या टेबलावर ठेवावेत. अॅडॉप्टरही ठेवावा, आणि एका चिठ्ठीवर नाव व लॅपटॉप नेमका कोठे थांबतो ते लिहावे. पासवर्ड चिठ्ठीवर लिहू नये, तो ज्याचा त्याने येऊन टाकावा. मी व आपले दोन महाविद्यालयीन कार्यकर्ते संध्याकाळी सातपर्यंत येथेच आहोत.