मोज्यांचे १८ गुण

(१९७० च्या अकरावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यातील मनोगत)



आपला सुवर्णमहोत्सवी मेळावा खरं तर २०२० सालीच व्हायचा. करोनाने तो लांबवला. आज इतके चेहरे समोर बघून बरं वाटतंय; काही दिसत नाहीत, त्यांचीही आठवण येतेय.

'निवृत्तीनंतर काय करता' यावर पाच मिनिटं बोला, असं संयोजकांनी सांगितलं. मी कधी नोकरीच केली नाही, तर निवृत्त कशातून होणार? मी आजी आहे. सकाळी फिरून येते, देवपूजा, स्वयंपाक उरकते, दुपारी लोकर घेऊन बसते. दर मंगळवारी आपल्याच वर्गातल्या आम्ही पाचजणी मंगळवार तळ्याजवळ एकीच्या घरी जमतो. चहा होतो, गुडघ्यांची चौकशी होते, सुनांची स्तुती होते (हो, स्तुतीसुद्धा!) आणि सुया चालू राहतात.

पण आज मला सांगायचंय ते वेगळंच. एक कबुलीजबाब द्यायचाय. जिच्याबद्दल आहे ती तिसऱ्या रांगेत बसली आहे. काल तिची परवानगी मागितली. म्हणाली, "सांग, पण नाव घेऊ नकोस." म्हणून नाव घेत नाही.

आपण नववीत होतो तेव्हाचा ११ डिसेंबर १९६७ आठवतो ना? सोमवार, पहाटे साडेचारच्या सुमाराला कोयनेचा भूकंप झाला. भांडी फळीवरून खाली आली आणि वडिलांनी आम्हाला अंथरुणातून ओढून अंगणात काढलं. नंतरही धक्के बसत राहिले. आमच्या वाड्यातली माणसं कित्येक रात्री घरात झोपलीच नाहीत. अंगणात तट्ट्यांचा आडोसा केला होता. साताऱ्यातली डिसेंबरची थंडी, आणि कुत्रं भुंकलं तरी माझ्या छातीत धस्स व्हायचं.

त्याच सुमाराला शिवणाच्या बाईंनी आम्हा मुलींना बाळाच्या मोज्यांचा जोड विणून आणायला सांगितला होता. मुलं तेव्हा सुतारकामाला जायची. माझे हात इतके थरथरायचे, की सुईवर टाका टिकेना. शेजारच्या अंथरुणावर ही मैत्रीण असायची. आमचा वाडा एकच. तिने माझ्या हातातून लोकर काढून घेतली आणि म्हणाली, "तू नुसती माझ्याजवळ बस." कंदिलाच्या उजेडात तिने आधी माझा जोड विणला, निवांत. मग उरलेल्या एका रात्रीत स्वतःचा, घाईघाईने. तिचा एक मोजा दुसऱ्यापेक्षा लांब झाला.

बाईंनी मला २० पैकी १८ दिले. तिला १३. माझा जोड बक्षीस समारंभात काचेच्या कपाटात मांडला होता. मी कपाटाशेजारी उभी राहून कौतुक करून घेतलं. ती टाळ्या वाजवत होती. मी बोलले नाही, तीही बोलली नाही. पुढे लग्न झालं, सासरी कोणी विचारलं की मी सांगायची, "शाळेत विणकामाला मला १८ गुण होते हं!"

हे बिंग फुटलं २०१२ साली. मुलीचं बाळंतपण आलं आणि व्याही म्हणाले, पहिले मोजे आजीच्या हातचे हवेत. मी दहा नंबरच्या सुया आणि पिवळी लोकर आणली, दार लावून बसले, आणि मला सुईवर टाके घालतासुद्धा येईनात. हिला फोन केला. ती आली, लोकरीचा गुंता बघून पोट धरून हसली आणि म्हणाली, "एकदा मी विणले. आता तू विण." वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी मी नववीचा गृहपाठ केला.

आता शेवटचं. तीन वर्षांपूर्वी तिच्या डोळ्यांचा पडदा खराब झाला. कडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. समोर बसलेल्या माणसाचे कान दिसतात, चेहरा दिसत नाही. अजूनही ती बोटांनी टाके मोजून विणते. पण नवं, अवघड काही धरलं की चुकते आणि सगळं उसवते. तिचे सगळे नमुने तिच्या डोक्यात. कागदावर एक अक्षर नाही. आणि लिहिलं तरी ती वाचणार कसं?

सुट्टीत नात आली होती. ती म्हणाली, "आजी, तू मोबाईलवर मराठीत लिही. मोबाईल वाचून दाखवतो." मग काय, पुन्हा शाळा. आधी बोलून लिहायचा प्रयत्न केला. मी म्हटलं "टाके गाळा", मोबाईलने लिहिलं "ताक गाळा". मग एकेक अक्षर दाबायला शिकले. ज्ञ काही सापडेना. नात म्हणाली, ज चा पाय मोडायचा आणि पुढे ञ घ्यायचा. लहानपणी नुसता घोकलेला तो ञ असा सत्तरीला उपयोगी पडला! दोन टाके एकत्र घेतल्यासारखंच ते.

पहिला लिहिला तो त्याच मोज्यांचा नमुना. छत्तीस टाके घालायचे. एक सुलट एक उलट अशा बारा ओळी. मग नाडीच्या भोकांची ओळ. मग बारा-बारा-बारा असे तीन भाग. नुसते मधले बारा विणत सोळा ओळी वर जायचं आणि दोन्ही कडांना आठ-आठ टाके उचलायचे. सुईवर बावन्न झाले की पाऊल सुरू. मी 'सु.' आणि 'उ.' असं थोडक्यात लिहिलं, तर मोबाईल नुसता 'सु, उ' करत सुटला. सगळं पूर्ण शब्दांत पुन्हा लिहिलं. मोबाईल वाचतो, ती विणते, मध्येच थांबून म्हणते, "इथे तू एक ओळ खाल्लीस." मी ती घालते. एका नमुन्याला कधी दोन मंगळवार लागतात. असे अकरा नमुने झाले आहेत.

शिवणाच्या बाई आज हयात नाहीत. असत्या तर त्यांच्यापुढे उभी राहून म्हटलं असतं, बाई, ते १८ गुण हिचे. त्या नाहीत, म्हणून तुमच्यापुढे सांगते. कृपया नोंद दुरुस्त करून घ्या.

आणि हा जोड मी स्वतः विणून आणला आहे. चर्चा नको म्हणून काल तिला तपासायला दिला. तिने दोन्ही मोजे बोटांनी चाचपले, एकावर एक ठेवले आणि म्हणाली, "डावा दोन ओळी लांब झालाय गं. तेरा गुण."

मला मान्य आहेत.

ज्या मैत्रिणींच्या डोक्यात त्यांच्या आईचे, सासूचे नमुने असतील, त्यांनी मंगळवारी दुपारी चारला यावं. लिहून घ्यायला मी आहे, चुका काढायला ती आहे.