चोर बाकल्याचा, साक्ष मेडिकागोची

इजिप्त, मोरोक्को, स्पेन या देशांत बाकला, मसूर, वाटाणा पिकवणाऱ्यांचा एक वैरी जमिनीखाली वाढतो. ऑरोबँकी क्रेनाटा हे या परजीवी तणाचं नाव. आपल्याकडे तंबाखूत उगवणाऱ्या बंबाखूचा हा भाऊबंद. अंगात हरितद्रव्य नाही, तेव्हा अन्नपाणी सगळं पिकाच्या मुळांतून ओढायचं. धुळीएवढं बी मातीत वर्षानुवर्षं पडून राहतं आणि जवळ सोयीचं मूळ आल्यावरच रुजतं. तुरा वर दिसेतो पीक खंगलेलं असतं, म्हणून खुरपणीचा उपयोग बेताचाच. मग संशोधकांनी बाकला सोडून मेडिकागो ट्रंकाटुला या कुणाच्याही ताटात न येणाऱ्या रोपावर वर्षं का घालवावीत? शंका रास्त आहे.

बाकल्याचा जनुकसंच सुमारे १३ अब्ज अक्षरांचा, माणसाच्या चौपट. मेडिकागोचा त्याच्या जेमतेम पंचविसावा हिस्सा. शिवाय मेडिकागो ही आपल्या लसूणघासाची जवळची नातलग. प्रयोगशाळांची लाडकी अ‍ॅरॅबिडॉप्सिस याहून सोपी खरी, पण तिच्या मुळांवर ना गाठी येतात, ना उपकारक बुरशी नांदते, आणि तणाचं सगळं कारस्थान तर याच बुरशीशी निगडित. १९६६ साली कापसाच्या मुळांतून स्ट्रिगॉल हे रसायन वेगळं काढलं गेलं; त्याने टारफुला या अशाच परजीवी तणाचं बी रुजतं. पण झाड आपल्याच शत्रूला का जागं करेल? उलगडा २००५ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी लोटस जॅपोनिकस या दुसऱ्या नमुना वनस्पतीवरून केला: याच जातीचं रसायन म्हणजे बुरशीला घातलेली साद. तण ती चोरून ऐकतं. २००८ मध्ये कळलं की झाडाला फांद्या किती फुटाव्यात, हेही हीच रसायनं ठरवतात. म्हणजे ती सरसकट बंद करणारं वाण तणापासून वाचेल, पण बुरशीला मुकेल आणि नको तितकं फुटेल.

काचेतलं यश शेतात टिकत नाही, हा आक्षेप अर्धा खरा आहे. इजिप्तचं गिझा ४०२ हे बाकल्याचं सहनशील वाण शेतातल्या निवडीतून आलं, जनुकांच्या नकाशातून नव्हे. पश्चिम आफ्रिकेत चवळीवरच्या टारफुल्याचे प्रकार प्रदेशागणिक वेगळे, म्हणून एका गावी तगलेलं वाण दुसरीकडे हार खातं. परंतु शेतात दिसतं ते इतकंच, की तुरे कमी आले. ते का कमी आले, हे मेडिकागोची मुळं काचेत वाढवून पाहता येतं. तिचा एक वाण तणाला रसवाहिन्यांपर्यंत पोचूच देत नाही. दुसऱ्यात ते चिकटतं, गाठ धरतं आणि मग काळवंडून मरतं. दोन्हींत तुरा नाही, पण कुलपं दोन आहेत, आणि पैदासकाराला ती एकाच वाणात बसवायची असतील तर आधी वेगवेगळी ओळखावी लागतात.